ई-पास फुकट होता, तरी विकला गेला

लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर पोलिसांचा ई-पास लागायचा. त्याला एक रुपयाही फी नव्हती. तरी 'पास काढून देतो, उद्या सकाळपर्यंत गॅरंटी' असं म्हणणाऱ्यांनी माणसांकडून हजार-दोन हजार सहज काढले. गावी आई अत्यवस्थ, घरात मयत, मुलीचं लग्न तोंडावर, अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही आणि खात्रीही करत बसत नाही. फसवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ही पद्धत कशी चालली आणि कुठे पकडता आली असती, ते इथे तपशिलात लिहिलं आहे. पास गेले, पण तीच माणसं आज दुसरे परवाने विकत आहेत.

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. खाजगी गाडीने आंतरजिल्हा प्रवासाला लागणारा पास २ सप्टेंबर २०२० पासून रद्द झाला. दुसऱ्या लाटेत, २३ एप्रिल २०२१ पासून, तो पुन्हा आला आणि आजारपण, मृत्यू, लग्न अशा अगदी गरजेच्या कारणांपुरताच राहिला. ७ जून २०२१ पासून जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले, तेव्हा फक्त पाचव्या, म्हणजे सगळ्यात कडक निर्बंधांच्या स्तरातल्या जिल्ह्यात ये-जा करायला पास उरला. नियम इतक्या वेळा बदलला की आज पास लागतो की नाही हेच लोकांना धड माहीत नसायचं. २०२० च्या गणपतीत एसटीने कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना ई-पासची गरजच नव्हती, तो खाजगी गाडीवाल्यांना लागत होता. एसटीचं तिकीट हातात असताना ज्याने एजंटला पासाचे पैसे दिले, त्याचे ते पैसे सरळ पाण्यात गेले.

एजंटकडे माणूस का वळला, हे आधी बघायला हवं. पोलिसांच्या ई-पास पोर्टलवर सुरुवातीलाच आपलं पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हा निवडायचा होता. इथेच पहिली चूक व्हायची. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय पुणे शहरापासून वेगळं आहे. वसई-विरारची माणसं ऑक्टोबर २०२० पर्यंत पालघर जिल्हा पोलिसांकडे होती, मग मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात गेली. ठाणे शहर, ठाणे ग्रामीण, नवी मुंबई हे तिन्ही वेगळे. चाकणच्या बाजूला राहणाऱ्याने सवयीने 'पुणे शहर' निवडलं की अर्ज भलत्याच टेबलावर जायचा. दुसरी अडचण फाईलची. फोटो २०० केबीच्या आत हवा आणि सगळी कागदपत्रं एकाच फाईलमध्ये, तीही १ एमबीच्या आत. मोबाईलने काढलेला आधार कार्डाचा एक फोटोच तीन-चार एमबीचा भरतो. फाईल चढायची नाही, नाहीतर माणूस चारपैकी एकच कागद जोडायचा आणि अर्ज नामंजूर व्हायचा. त्यात २०२० मध्ये लक्षणं नसल्याचा डॉक्टरचा दाखला लागायचा, तो कित्येकदा राहून जायचा. फॉर्म इंग्रजीत. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाने तो कसा भरावा?

दोनदा अर्ज नामंजूर झाला की 'ओळखीशिवाय काम होत नाही' हे मनात बसतं. एजंटची सगळी 'सेटिंग' बहुतेक वेळा इतकीच होती: फोटो लहान करणं, कागद एका पीडीएफमध्ये जोडणं आणि योग्य आयुक्तालय निवडणं. हे काम ओळखीतल्या कॉलेजच्या पोराकडूनही दहा मिनिटांत झालं असतं. ज्यांना ऑनलाईन जमत नव्हतं त्यांना जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज भरण्याची सोयही होती, पण ती फार थोड्यांपर्यंत पोचली. पोलीस ठाण्याची पायरी चढायला आपली माणसं घाबरतात, हेही त्यामागे आहेच.

विकले गेलेले पास तीन तऱ्हेचे होते.

पहिली तऱ्हा म्हणजे खोडलेला पास. एका माणसाचा खरा, मंजूर झालेला पास घ्यायचा, मोबाईलवरच्या एखाद्या फोटो-ॲपमध्ये नाव, गाडीचा नंबर आणि तारीख बदलायची, आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. वरवर पाहता सगळं बरोबर दिसतं. पण क्यूआर कोड तोच राहतो, कारण तो बदलला तर उघडणारच नाही. कशेडी घाटातल्या नाक्यासारख्या ठिकाणी पोलिसाने तो स्कॅन केला की समोर भलत्याच माणसाचं नाव आणि भलत्याच गाडीचा नंबर. असा पास आला तर बारकाईने बघितलं की कळतं. बदललेल्या अक्षरांची जाडी शेजारच्या अक्षरांपेक्षा किंचित वेगळी असते. नावामागचा पांढरा पट्टा बाकीच्या कागदापेक्षा जास्त स्वच्छ दिसतो. तारखेचे आकडे ओळीत बसत नाहीत. आणि पीडीएफऐवजी जेपीजी फोटो आला, तर तिथेच थांबायला हवं होतं, कारण पोर्टलवरून पास उतरवून घेता येत होता, त्याचा फोटो काढून पाठवण्याचं काहीच कारण नव्हतं.

सगळ्यात साधी तपासणी टोकनची होती. अर्ज भरला की टोकन आयडी मिळायचा आणि तो पोर्टलवर टाकला की अर्जाची स्थिती दिसायची, मंजूर झाला असेल तर पास तिथूनच उतरवता यायचा. एजंटकडे टोकन मागितला की तो 'आमच्या सिस्टिममध्ये आहे' असं सांगून टाळायचा. टोकन न देणाऱ्याने अर्जच केलेला नाही, असं समजायला हरकत नव्हती.

दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण त्यात पास खरा असायचा. एजंट पोर्टलवर खरोखर अर्ज करायचा, तुमच्याच नावाने, पण कारण स्वतःच्या मनाने लिहायचा. 'जवळच्या नातेवाईकाचं निधन' किंवा 'तातडीची शस्त्रक्रिया' आणि सोबत कुठल्या तरी दवाखान्याचं बनावट पत्र. पास मंजूर होतो, क्यूआर बरोबर उघडतो, तुम्ही निश्चिंत. नाक्यावर पोलीस सहज विचारतो, "कोण वारलं?" आणि गाडीत बसलेल्या चार जणांकडे उत्तर नसतं. पुढे कागद तपासले जातात. दवाखान्याला फोन लावला की असं पत्र दिलंच नाही हे कळायला पाच मिनिटं लागतात. अर्ज तुमच्या नावाचा, आधार तुमचं, मोबाईल नंबरही कित्येकदा तुमचाच. एजंटचं नाव कुठेच नाही. फसवलेला माणूस आरोपी होतो तो इथे. तेव्हाच्या भारतीय दंड विधानात फसवणुकीला कलम ४२०, त्यासाठी खोटा कागद बनवण्याला ४६८ आणि बनावट कागद खरा म्हणून वापरण्याला ४७१ होतं. आता भारतीय न्याय संहितेत तीच बाब ३१८, ३३६ आणि ३४० मध्ये आहे. बनावट कागद माहीत असून वापरला की माहीत नसून, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून एजंटशी झालेलं बोलणं जपून ठेवणं फार महत्त्वाचं. रागाच्या भरात चॅट डिलीट करणारा आपला एकमेव पुरावा घालवून बसतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे पासच नाही. पैसे घेतले, कागद घेतले, नंबर बंद. इथे पैशापेक्षा कागद गेल्याचं नुकसान मोठं. आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो, पासपोर्ट साईज फोटो, मोबाईल नंबर आणि वर 'ओटीपी सांगा, फॉर्मसाठी लागतो' म्हणून घेतलेला ओटीपी. एवढ्यावर पुढचे बरेच उद्योग होऊ शकतात. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर आडवं, मजकुरावरूनच लिहावं: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. कोऱ्या समासात लिहिलं तर ते कापून टाकता येतं.

खऱ्या-खोट्या वेबसाईटबद्दल एक गोष्ट सरकारी यंत्रणेला सांगायलाच हवी. लोकांना आपण वर्षानुवर्षं शिकवतो की पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असेल तरच साईट सरकारी. पण ई-पासचं अधिकृत पोर्टल 'एमएचपोलीस डॉट इन' वर होतं. परदेशातून येणाऱ्यांचा एअर सुविधा फॉर्म दिल्ली विमानतळाच्या पत्त्यावर होता. दोन्ही खरे, दोन्ही मोफत, आणि दोन्हीत 'गव्ह' नाही. मग शिकलेल्या नियमाचा उपयोग काय? अशा वेळी पत्ता सर्चमध्ये शोधायचा नाही, कारण वर दिसणारे पहिले दोन-तीन दुवे जाहिराती असू शकतात. जिल्हाधिकारी, पोलीस किंवा महापालिकेच्या अधिकृत पानावरून त्या पोर्टलवर जायचं. आणि मोफत सेवेच्या पानावर पैसे भरायचा रकाना दिसला की तिथूनच मागे फिरायचं.

पासाइतकाच धंदा आरटी-पीसीआरच्या खोट्या रिपोर्टचा झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांसाठी निगेटिव्ह रिपोर्ट बंधनकारक केला: विमानासाठी ७२ तास, रेल्वेसाठी ९६ तास. हे तास नमुना दिल्यापासून ते पोचण्याच्या वेळेपर्यंत मोजायचे होते. लोक रिपोर्टच्या तारखेपासून मोजायचे, रिपोर्ट 'शिळा' व्हायचा आणि मग कोणीतरी 'तारीख बदलून देतो' म्हणत पुढे यायचा. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यात शिरायलाही निगेटिव्ह रिपोर्ट लागू लागला. रोज पत्रादेवी किंवा दोडामार्गची सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्या सिंधुदुर्गातल्या पोरांना ते किती जड गेलं असेल, याचा विचार करा. रोजगार रोजचा आणि रिपोर्टची मुदत तीन दिवसांची.

खोटा रिपोर्ट ओळखायच्या खुणा ठरलेल्या होत्या. नमुना घेतल्याची वेळ आणि रिपोर्टची वेळ दोन्ही हव्यात. नमुन्याचा एसआरएफ क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला नमुन्याचा क्रमांक, हवा. क्यूआर स्कॅन केल्यावर मूळ रिपोर्ट लॅबच्याच साईटवर उघडायला हवा. फुकटच्या फाईल-शेअरिंगच्या पानावर उघडला तर तो एजंटने स्वतः चढवलेला. आणि नाकात काडी न घालता मिळालेला रिपोर्ट खोटाच, मग त्यावर कोणत्याही लॅबचं नाव असो. दरही डोळ्यांसमोर होते: ३१ मार्च २०२१ नंतर राज्यात खाजगी लॅबचा कमाल दर संकलन केंद्रावर ५००, कोविड केंद्र किंवा रुग्णालयात ६०० आणि घरी येऊन ८०० रुपये होता. विमानतळावर रिपोर्ट नसेल तर तिथेच स्वखर्चाने चाचणी करायची सोय होती. मग पैसे मोजून खोटा कागद घेण्यात मिळवलं काय? घरात ऐंशी वर्षांची आजी आणि खिशात न तपासलेल्या माणसाचा निगेटिव्ह रिपोर्ट, हे फार भयंकर होतं. त्यात पकडलं जाणं ही सगळ्यात छोटी आपत्ती.

प्रवास रद्द झाला त्यांना रिफंडच्या नावाने लुटलं. विमान कंपनीचा कस्टमर केअर नंबर सर्चमध्ये शोधला की ठगांचे नंबर मिळायचे. पलीकडचा माणूस फार गोड बोलायचा, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावायचा, मग 'रिफंड घ्यायला पिन टाका' म्हणायचा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून गेले. खरा नियम असा होता: लॉकडाऊनमधल्या विमान तिकिटांच्या रिफंडबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला आदेश दिला, आणि एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटकडून प्रवाशापर्यंत पोचवायला सांगितले. काही एजंटांनी ते दाबून ठेवले. 'कंपनीने दिले नाहीत' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. पीएनआर देऊन कंपनीलाच लेखी विचारा की रिफंड कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यात गेला. ते उत्तर एजंटसमोर ठेवलं की बोलणं बदलतं. रेल्वेने रद्द केलेल्या गाडीचं ई-तिकीट असेल तर पैसे आपोआप परत येतात, कोणाला फोन करावाच लागत नाही.

आज केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांबाबत हेच चालू आहे. बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साईटवर होतं, चारधामची नोंदणी मोफत आहे, तरी दरवर्षी माणसं फसतात. फसलात तर पहिला तास महत्त्वाचा. १९३० वर लगेच फोन करा (लॉकडाऊनच्या काळातला १५५२६० हा जुना नंबर). फोन लावण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक (यूटीआर), समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक, रक्कम, आणि वेळ मिनिटासकट. याच तपशिलावरून पैसे पुढच्या खात्यात गोठवले जातात. मग बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा.

एक गैरसमज मात्र ठेवू नका. तीन दिवसांत कळवलं की बँक पैसे भरून देते, असं सर्रास सांगितलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातली ती सवलत तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले तर आहे. पिन किंवा ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच धरलं जातं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेला फोन केलात तरी त्याच मिनिटाला ईमेलही टाका आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.