वॉल्डो की एलन? एकच रात्र हाताशी असेल तर

प्रेमाच्या नावाखाली माणसावर मालकी सांगणारं पात्र बघायचंय, पण वेळ एकाच सिनेमापुरता आहे, असं कुणी म्हणालं की मला दोन नावं सुचतात. ओटो प्रेमिंजरचा ‘लॉरा’ (१९४४) आणि जॉन स्टालचा ‘लीव्ह हर टू हेवन’ (१९४५). दोन्हींत अभिनेत्री जीन टिअर्नी आहे, पहिल्यात लॉरा, दुसऱ्यात एलन. पहिल्यात तिच्यावर हक्क सांगितला जातो, दुसऱ्यात ती स्वतःच हक्क सांगते.

‘लॉरा’ दीड तासाचा, कृष्णधवल. त्यातला वॉल्डो लायडेकर वर्तमानपत्रात सदर लिहितो, रेडिओवर बोलतो. खुनाच्या तपासाला आलेला डिटेक्टिव्ह त्याच्या घरातल्या काचेच्या कपाटाला हात लावतो, तोच आतल्या खोलीतून आवाज येतो: जपून, अनमोल आहे ते. वॉल्डो बाथटबमध्ये बसून टाइपरायटरवर लिहीत असतो. कपाटातल्या वस्तू जशा त्याच्या, तशीच लॉराही त्याची. तिने केस कसे ठेवायचे, कपडे कुठले घालायचे, हे त्यानेच ठरवलेलं. मंगळवार आणि शुक्रवारची रात्र फक्त दोघांची. तो आपले लेख वाचून दाखवणार, ती ऐकणार. एकदा बर्फात उभं राहून तो तिच्या खिडकीकडे बघतो. खिडकीच्या पडद्यावर दुसऱ्या पुरुषाची सावली दिसते. तो माणूस चित्रकार आहे, एवढं कळल्यावर वॉल्डो आपल्या सदरातून त्याची पार लक्तरं काढतो. वॉल्डो झालेल्या क्लिफ्टन वेबच्या तोंडी ही भाषा इतकी देखणी वाटते की आपणही काही काळ त्याच्याच बाजूने ऐकत राहतो. खुनी कोण, ते इथे सांगत नाही.

‘लीव्ह हर टू हेवन’मधल्या एलन बेरेंटकडे अशी शब्दांची फेक नाही. तिचा सिनेमा रंगीत, टेक्निकलरमध्ये आहे. लिऑन शॅमरॉयला त्याच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं. (‘लॉरा’च्या छायाचित्रणालाही मिळालं होतं, जोसेफ लाशेलला.) न्यू मेक्सिकोच्या डोंगरात घोडा दौडवत ती वडिलांची रक्षा उधळते, तेव्हा तिचा चेहरा ताठ असतो. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगते, घरात स्वयंपाकी नको, नोकर नको. तुझं सगळं मीच करणार. ऐकायला किती गोड! पण अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या तळ्याकाठच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि पलीकडून पायाने अधू असलेल्या धाकट्या दिराचा आवाज येत राहतो. एक दिवस तो तळ्यात पोहतो, ती होडीत बसून सोबत जाते. तो दमतो. ती काळा चष्मा डोळ्यांवर चढवते आणि वल्ही थांबवून बसून राहते. ऊन स्वच्छ, पाणी हिरवंनिळं. अंधाऱ्या गल्लीतला कुठलाच खून मला इतका हादरवून गेलेला नाही.

चटकदार संवाद आणि रहस्य आवडत असेल तर ‘लॉरा’ घ्या. शेवटाकडचा कोर्टातला भाग लांबलेला चालणार नसेल, तरीही ‘लॉरा’च. पण हे पात्र आतून कसं चालतं, ते बघायचं असेल तर माझं मत एलनला. वॉल्डोबद्दल आपल्याला तो स्वतःच सांगतो. एलन काही सांगत नाही, तिचा चेहराच वाचावा लागतो. टिअर्नीला त्या वर्षीचं ऑस्कर नामांकन मिळालं ते याच कामासाठी.

दोन रात्री मिळाल्या तर मात्र क्रम उलटा करू नका. आधी ‘लॉरा’ बघा. भिंतीवरच्या तसबिरीतला तो चेहरा, ज्याच्यासाठी सगळे झुरतात, मनात ठसू द्या. दुसऱ्या रात्री होडीत काळा चष्मा चढवताना तोच चेहरा समोर येईल.