जाहीर नोटिसा आणि स्पेसी : लातुरातून वापरानंतरचा अनुभव

बँकांच्या पॅनेलवर असलेल्या इथल्या एका वकीलसाहेबांसाठी मी गेल्या पावसाळ्यापासून एक काम चालवतोय. शेतावर कर्ज द्यायचं म्हटलं की जमिनीच्या मालकीची कागदपत्रं तपासल्याचा सर्च रिपोर्ट लागतो. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: या गटाबद्दल पेपरात कधी जाहीर नोटीस आली होती का? जिल्ह्याच्या पेपरांत आतल्या पानावर बारीक टाइपात या नोटिसा रोज येतात. ती पानं स्कॅन करायची आणि प्रत्येक नोटिशीतून गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, मालक, घेणारा आणि हरकतीची मुदत काढून तक्त्यात भरायची, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. त्यासाठी स्पेसी, स्टॅन्झा आणि गेट ही मजकुरातली माहिती वेचून काढणारी तिन्ही सॉफ्टवेअरं हाताळली. शेवटी टिकली स्पेसी. ती का टिकली, हे मराठीत काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्पेसी बर्लिनच्या एक्सप्लोजन कंपनीची. २०१५ पासून आहे, एमआयटी परवान्याखाली फुकट मिळते, आणि २०२१ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली. इंग्रजी, जर्मन, फ्रेंचसाठी तिच्याबरोबर शिकवून तयार केलेली मॉडेलं येतात. मराठीसाठी तसं काही नाही. मराठीचा कोड दिला की शब्दांची साधी फोड आणि थांबशब्दांची (‘आणि’, ‘पण’ अशा वगळायच्या शब्दांची) यादी मिळते, बास. नाव ओळखणं नाही, व्याकरण नाही. रिकामा गोठा मिळाल्यासारखं आहे: गव्हाण, दावं, खुंटा सगळं जागच्या जागी, जनावर आपलं आपण आणायचं. बरेच जण इथूनच परत फिरतात. मी फिरलो नाही, कारण आमच्या कामाला नेमका गोठाच हवा होता.

एक नोटीसच बघा, नाव-नंबर बदलून देतो: ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की, मौजे अमुक ता. निलंगा जि. लातूर येथील गट नं. ११४/२ पैकी क्षेत्र ० हे. ८१ आर ही मिळकत कलावती भ्र. नामदेव रा. लातूर यांच्या मालकी व कब्जेवहिवाटीची असून तिची चतुःसीमा पूर्वेस गट नं. ११३, पश्चिमेस शिवरस्ता, दक्षिणेस गट नं. ११६, उत्तरेस याच गटातील उर्वरित जमीन येणेप्रमाणे आहे. सदर मिळकत माझे अशील खरेदी करीत असून कोणाची हरकत असल्यास ७ दिवसांच्या आत कळवावे.’

यात गट नंबर तीन आहेत, पण कामाचा एकच. बाकीचे दोन शेजाऱ्यांचे. लातूर दोनदा आलंय: एकदा जमिनीचा जिल्हा म्हणून, एकदा बाईंचा राहता पत्ता म्हणून. नुसतं ‘हा गट नंबर, हे गावाचं नाव’ असं ओळखणारं मॉडेल इथं निरुपयोगी आहे. कुठला नंबर कशाचा, हे कळायला हवं. वकीलसाहेबांनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, “नाव चुकलं तर मी बघून घेतो. गट चुकला की बँक मलाच धरती.”

स्पेसीचा मॅचर हा ठरावीक शब्दरचना शोधणारा भाग इथं कामाला येतो. ‘गट’, मग ‘नं’ किंवा ‘नंबर’ किंवा ‘क्रमांक’, मग टिंब असलं तर असलं, मग अंक, मग तिरकी रेघ आणि पोटहिस्सा, अशी एकेका शब्दाची साखळी लिहायची. ही साखळी वाचायला सोपी राहते. सहा महिन्यांनी उघडली तरी काय लिहिलंय ते कळतं. त्याआधी आम्ही एक छोटा घटक बसवला, जो ‘चतुःसीमा’पासून ‘येणेप्रमाणे’पर्यंतचा पट्टा वेगळा काढून ठेवतो. त्या पट्ट्यातले गट नंबर शेजारी म्हणून नोंदवले जातात. ‘रा.’नंतरचं ठिकाण पत्ता, ‘मौजे’नंतरचं ठिकाण जमिनीचं गाव. घटक एकामागून एक लावायचे, क्रम हवा तसा बदलायचा, सगळं एका कॉन्फिग (मांडणी ठरवणाऱ्या) फाइलीत. एवढी मोकळीक स्पेसीत आहे आणि ती मनापासून आवडली.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे सापडलेला प्रत्येक तुकडा मूळ मजकुरात कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत आहे, ते स्पेसी धरून ठेवते. तक्त्यातल्या ‘११४/२’वर टिचकी मारली की नोटिशीतली तीच जागा पिवळी होते. वकीलसाहेबांचा विश्वास बसला तो यामुळे. कुठलं मॉडेल वापरलंय हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. “मशीन काय म्हणायलंय ते दाखव आणि कुठं म्हणायलंय तेबी दाखव,” एवढीच त्यांची मागणी.

क्षेत्रासाठी एक पडताळणी लावली, तीही याच साखळीत बसली. पुष्कळ नोटिशींत हेक्टर-आर आणि एकर-गुंठे दोन्ही असतात. ४० गुंठ्यांचा एकर, आणि एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर. ‘० हे. ८१ आर म्हणजे २ एकर’ असं छापलं असेल तर जुळतं; ‘० हे. ८१ आर म्हणजे ३ एकर’ असेल तर लाल खूण. अशा खुणांतून छापणाऱ्याच्या आणि स्कॅनच्या चुका भराभर सापडतात.

आता नावं. नियमांनी नावं पकडता येत नाहीत, तिथं शिकवलेलं मॉडेलच लागतं. एल-थ्री-क्यूब पुणे या संशोधकांच्या चमूने २०२२ मध्ये महानेर हा संच दिला: बातम्यांतली २५ हजार मराठी वाक्यं, माणसांनी हाताने खुणा केलेली. व्यक्ती, ठिकाण, संस्था, पद, तारीख, वेळ, माप अशा खुणा आहेत. त्यावर शिकवलेलं महाबर्टचं (बर्ट जातीचं मराठी भाषामॉडेल) मॉडेल हगिंग फेस या मॉडेलं ठेवणाऱ्या संकेतस्थळावरून उतरवून स्पेसीच्या साखळीत जोडता येतं. मद्रास आयआयटीतल्या एआयफोरभारतचं इंडिकनेरही आहे. त्याचा संच ११ भारतीय भाषांचा, पण खुणा व्यक्ती, ठिकाण, संस्था एवढ्याच. आम्हाला महानेर जास्त मानवलं.

बातमीतली माणसं आणि नोटिशीतली माणसं यांत मात्र फरक आहे. आपल्याकडच्या दस्तांत ‘ज्ञानोबा पि. किसन’, ‘कलावती भ्र. नामदेव’ असं लिहितात: पिता आणि भ्रतार. बातम्यांवर वाढलेल्या मॉडेलला ‘भ्र.’ हे काय प्रकरण आहे ते ठाऊक नसतं. ते दोन वेगळी माणसं दाखवतं. हे दुरुस्त करायला मॉडेल पुन्हा शिकवायची गरज पडली नाही. मॅचरला खुणांवरूनही साखळी लिहिता येते: व्यक्ती, मग ‘पि’ किंवा ‘भ्र’, मग व्यक्ती, असं दिसलं की पहिली मालक आणि दुसरा बाप किंवा नवरा. मॉडेल आणि नियम एकाच दस्तावर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालतात, हा स्पेसीचा खरा फायदा. पुढे डोकॅनो या खुणा करायच्या साधनावर काही शे नोटिशींना खुणा करून मॉडेल आणखी शिकवलं, तेव्हा सुधारणा झालीच. खुणा करायला विधी महाविद्यालयातली दोन मुलं बसायची. ‘मयत किसन’मधलं ‘मयत’ नावात धरायचं की नाही यावरून त्यांचा वाद पेटला, तो वकीलसाहेबांना मिटवावा लागला. धरायचं नाही, वेगळी खूण करायची, कारण मयत म्हटलं की वारस आले.

ठिकाणांची कथा वेगळी. भारत सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावांचे कोड मिळतात, त्यावरून यादी केली. पण मराठीत गावाचं नाव यादीतल्यासारखं सरळ बसत नाही. लातूर लातुरात जातं तेव्हा उकार ऱ्हस्व होतो. जालन्यात, निलंग्याहून, औशाला, उदगिरातील. यादीतलं ‘निलंगा’ शोधलं तर ‘निलंग्यातील’ सापडणार नाही. म्हणून प्रत्येक नावाचं सामान्यरूप आणि त्याला लागणारे प्रत्यय आधीच जोडून मोठी यादी तयार केली आणि ती स्पेसीच्या फ्रेजमॅचरला (यादीतली नावं मजकुरात शोधणाऱ्या भागाला) दिली. हजारो रूपं असली तरी तो अडखळत नाही. शिरूरची गंमत आणखी वेगळी. शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यातला तालुका, शिरूर ताजबंद अहमदपूर तालुक्यातलं गाव, शिरूर कासार बीडमध्ये, आणि नुसतं शिरूर पुणे जिल्ह्यात. तालुक्याचं नाव शेजारी सापडेपर्यंत कोड द्यायचाच नाही, असा नियम ठेवला. उस्मानाबाद-धाराशिव आणि औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर या जोड्या २०२३ पासून दोन्ही तऱ्हांनी येतात, शिवाय जुन्या कागदांत अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून भेटते. यासाठी हाताने केलेली साधी जोडयादी कुठल्याही हुशार मॉडेलपेक्षा बरी.

स्पेसी ज्या भाषेत चालते त्या पायथनमध्ये मराठी हाताळणाऱ्यांनी दोन खड्डे लक्षात ठेवावेत. हे स्पेसीचे दोष नाहीत, पण वाटेत येतातच. पायथनच्या मूळ रेगेक्समध्ये (नमुना देऊन मजकूर शोधायच्या सोयीत) ‘शब्दातलं अक्षर’ म्हणून जी खूण आहे तिला काना-मात्रा-उकार अक्षर वाटत नाहीत. ‘लातूर’वर ती चालवली की ल, त, र असे तीन तुकडे हाती येतात. रेगेक्स नावाचं वेगळं पॅकेज घेतलं की हे थांबतं. दुसरा खड्डा बर्टच्या ‘अनकेस्ड’ आवृत्त्यांचा. इंग्रजी अक्षरं लहान करताना त्या युरोपी स्वरचिन्हं काढून टाकतात, आणि त्याच झाडूने आपले उकार, अनुस्वार, हलंत साफ होतात. लातूरचं ‘लातर’ होतं. अंकांच्या बाबतीत मात्र पायथन चांगलं वागतं: देवनागरी ११४ ला ते सरळ आकडा मानतं.

गेटबद्दल. शेफिल्ड विद्यापीठात १९९५ पासून चाललेलं हे जुनं, जावातलं काम. नियम लिहायची त्याची जेप ही पद्धत ताकदवान आहे आणि पडद्यावर मजकूर रंगवून दाखवणारं त्याचं कार्यपीठ स्पेसीच्या डिस्प्लेसीपेक्षा (तिच्या तशाच सोयीपेक्षा) कितीतरी सरस. प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाला खुणा तपासायला बसवायचं असेल तर मी आजही गेटच देईन. गावांच्या यादीत ‘पूर्ण शब्दच जुळवा’ ही खूण काढली की प्रत्ययवाली रूपं बऱ्यापैकी सापडतात, पण मग बीड शोधताना बीडकर आडनावही हाती लागतं. नवीन बर्टछाप मॉडेलं त्यात जोडायला खटपट फार, म्हणून थांबलो. यूआयएमए ही याच कामाची आणखी एक चौकट फक्त चाळून बघितली. २०११ मध्ये जेपर्डी या अमेरिकी प्रश्नमंजुषेत जिंकलेला आयबीएमचा वॉटसन त्यावर चालला होता. आमच्या एका लॅपटॉपच्या कारभाराला तो बोजा झेपणारा नव्हता.

स्टॅन्झा स्टॅनफर्डची. मराठीचं पदच्छेद-व्याकरण तयार मिळतं म्हणून आशा होती. पण त्यामागची मराठी वृक्षपेढी (व्याकरणाच्या खुणा केलेल्या वाक्यांचा संच) पाचशे वाक्यांच्याही आत आहे, आणि तीही मुख्यतः विकिस्रोतावरच्या गोष्टींची. गोष्टीतलं ‘राजाने विचारले’ आणि नोटिशीतलं दीडशे शब्दांचं, ‘असून’ने ‘असून’ला जोडलेलं वाक्य यांचा मेळ बसत नाही. गोष्टी, निबंध, साधं गद्य यासाठी मात्र ती बघायला हरकत नाही.

या सगळ्याच्या आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करणं) येतं, आणि खरं सांगायचं तर निम्मी डोकेदुखी तिथंच आहे. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरची २०१८ ची चौथी आवृत्ती आल्यापासून मराठी बरंच सुधारलंय, पण अख्खं पान दिलं की शेजारच्या रकान्यातल्या नोटिशी एकमेकींत मिसळतात. प्रत्येक चौकट आधी कापूनच द्यावी लागते. बारीक टाइपात १ आणि ९ यांची अदलाबदल होते, आणि गट नंबरात ती झाली तर पुढे कुठलंही फ्रेमवर्क ती शोधू शकत नाही. म्हणून गट नंबराच्या जागेचं चित्र आम्ही तक्त्यात मजकुराशेजारी ठेवतो. पेपरवाल्यांच्या जुन्या पीडीएफमधून मजकूर थेट काढायचा विचार असेल तर सोडून द्या. ती पानं युनिकोडपूर्व फॉन्टांत लावलेली असतात, कॉपी केलं की हाती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. चित्र करून ओसीआर केलेलंच बरं.

‘हे सगळं मोठ्या एआयला का नाही विचारत?’ असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. विचारून झालंय. फाटक्या, अर्धवट नोटिशींवर ती मॉडेलं खरंच चांगली चालतात. मुदत, व्यवहाराचा प्रकार नीट सांगतात. पण स्कॅनमध्ये पुसलेला गट नंबर ‘दिसत नाही’ म्हणण्याऐवजी ती कधी कधी छानसा नवा नंबर लिहून मोकळी होतात. ज्या तुकड्यांवर (टोकन) पैसे मोजले जातात ते देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे खर्चही चढतो. आम्ही ती फक्त नियमांना न कळलेल्या नोटिशींसाठी ठेवलीत, आणि त्यांनी दिलेला प्रत्येक तुकडा मूळ मजकुरात अक्षरशः सापडला तरच घेतो. ही तपासणीही स्पेसीच्या साखळीतच बसते.

तक्रारी? स्पेसीची कागदपत्रं उत्तम, पण उदाहरणं जवळपास सगळी इंग्रजीची. ‘ता.’, ‘जि.’, ‘नं.’, ‘हे.’ यांच्या टिंबांवर वाक्य तुटू नये म्हणून अपवाद आपणच भरायचे. बर्टचे तुकडे आणि स्पेसीचे शब्द यांची हद्द जुळत नाही तेव्हा तुकडा ओढून पूर्ण शब्दापर्यंत न्यावा लागतो. आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर नावांचं मॉडेल सावकाश चालतं. आम्ही ते रात्री लावतो, लाईट गेली की सकाळी उरलेलं.

परभणीचा एक मित्र वारस नोंदी आणि फेरफारांवर हेच करू पाहतोय, त्याला मी स्पेसी अधिक महानेर हाच जोड सुचवला आणि आमचे ‘पि.-भ्र.’चे नियम देऊन टाकले. वकीलसाहेबांची पुढची फर्माईश १९५४-५५ च्या खासरा पाहणीपत्रकांची (जमिनीच्या जुन्या नोंदींची) आहे. ती हस्ताक्षरातली आहेत. त्यासाठी सध्या तरी जुने कारकून वाचून दाखवतात, मुलं टाइप करतात, आणि स्पेसीचं काम त्यानंतर सुरू होतं.