ड्रॉ.आयओ की ग्राफव्हिझ : प्रोजेक्टच्या आकृत्या कशात काढाव्यात?

जळगाव-धुळ्याच्या बीसीए, एमसीएच्या पोरांनो, डीएफडी (माहिती कुठून कुठे वाहते ते दाखवणारी आकृती) आणि स्ट्रक्चर चार्ट (प्रोग्रामच्या भागांची, म्हणजे मॉड्यूलांची उतरंड) काढायला ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. ड्रॉ.आयओची डेस्कटॉप आवृत्ती घेतलीत तर नेटचीही गरज नाही.

समजा, रावेरच्या केळी व्यापाऱ्याचा हिशोब मांडायचाय : शेतकरी, वजन, भाव, पावती, उधारी. ड्रॉ.आयओमध्ये माउसने गोल ओढा, बाण जोडा, वर मराठीत ‘वजनपावती’ लिहा, झालं. एका फाइलीत अनेक पानं मावतात, त्यामुळे पहिल्या पानावर संदर्भ आकृती (सगळी सिस्टिम एकाच गोलात) आणि पुढे तिचे स्तर उलगडता येतात. खरा वैताग मधेच ‘वाहतूक खर्च’ ही प्रक्रिया घुसवताना येतो. निम्मी आकृती सरकवत बसा!

ग्राफव्हिझमध्ये हाताने काढायचं काहीच नाही. कोणतं मॉड्यूल कोणाला बोलावतं, एवढंच त्याच्या डॉट नावाच्या भाषेत ओळीने लिहायचं; मांडणी ते स्वतः करतं. एक ओळ वाढवली की आकृती नव्याने बसते. साधा मजकूर असल्याने गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) बदल सरळ वाचता येतात, आणि जुन्या, कमी रॅमच्या पीसीवरही ते हलकं चालतं. पण स्ट्रक्चर चार्टमधले डेटा कपल, म्हणजे एका मॉड्यूलकडून दुसऱ्याकडे कोणती माहिती जाते ते दाखवणारे, शेपटाला पोकळ गोल असलेले छोटे बाण, त्यात बसवणं म्हणजे विकतचं दुखणं.

डीएफडीला मी डोळे झाकून ड्रॉ.आयओ सांगेन. मॉड्यूलांची उतरंड मोठी असेल आणि रोज बदलत असेल, तर मात्र ग्राफव्हिझ. कपल दाखवायची सक्ती असेल तर पुन्हा माउसच हातात घ्या.