थरारपटाची सुरुवात: प्रेक्षकाला आधी सांगावं की अंधारात ठेवावं?

थरारपट लिहायला घेतला की पहिल्या पाच-सात पानांतच गाडी अडते. खून दाखवूनच सुरुवात करावी? साध्या गप्पांतून हळूहळू फास आवळावा? की काय चाललंय याचा पत्ताच लागू द्यायचा नाही? या सगळ्या वाटांवरून मोठी माणसं चालून गेली आहेत, त्यामुळे नवं काही शोधायची घाई नको. आपल्या कथेला कुठली वाट झेपेल एवढं ठरवलं तरी पुरे. ते ठरवताना मी एकच गोष्ट तपासतो: त्या क्षणी प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत आहे, तेवढंच माहीत आहे की कमी? पार्श्वसंगीत, अंधार, पाऊस या गोष्टी नंतर येतात.

(खाली काही चित्रपटांचे पहिले प्रसंग उघड केले आहेत. शेवट कुठलाच सांगितलेला नाही.)

प्रेक्षकाला जास्त माहीत असण्याचा अगदी नमुनेदार प्रसंग म्हणजे ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’ची (१९५८) सुरुवात. पडद्यावर फक्त दोन हात दिसतात. ते बॉम्बचं घड्याळ लावतात आणि बॉम्ब एका गाडीच्या डिकीत जातो. एक श्रीमंत गृहस्थ आणि त्याच्यासोबतची बाई येऊन गाडीत बसतात, गाडी निघते. पुढची तीन मिनिटं कॅमेरा एकही कट न घेता छपरांवरून, चौकांतून तिच्या मागे-पुढे फिरतो. गाडी गर्दीत अडते, आडव्या आलेल्या शेळ्यांसाठी थांबते. शेजारून एक नवविवाहित जोडपं पायी चाललंय. गाडी कधी त्यांच्या पुढे जाते, कधी मागे राहते. सीमेवरच्या नाक्यावर गाडीतली बाई म्हणते की डोक्यात काहीतरी टिकटिकतंय. पहारेकरी तिकडे लक्षही देत नाही.

इथे कट नसणं ही नुसती कसरत नाही. कट आला की प्रेक्षकाला वाटतं, मधला वेळ गेला, सुटलो. इथे ती सोय नाही. घड्याळात जेवढी मिनिटं जातात तेवढीच पडद्यावर जातात, म्हणून एरवी रिकाम्या वाटणाऱ्या प्रत्येक अडथळ्याला वजन येतं. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन हेच सांगितलं होतं: अचानक स्फोट झाला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी सांगून ठेवलं तर पंधरा मिनिटांचा ताण. हे उदाहरण आता इतक्यांनी उगाळलंय की त्याची धार गेली आहे, पण हिशेब चुकलेला नाही.

याच प्रसंगाच्या दोन आवृत्त्या पाहायला मिळतात आणि निवड करणाऱ्यासाठी त्या सोन्यासारख्या आहेत. १९५८च्या आवृत्तीत स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं. वेल्सने स्टुडिओला ५८ पानी टिपण लिहून आपलं म्हणणं मांडलं होतं. त्याच्या आधारे वॉल्टर मर्चने १९९८मध्ये चित्रपट पुन्हा संकलित केला तेव्हा नावंही गेली आणि ते संगीतही. उरले रस्त्यावरचे आवाज, बारमधून झिरपणारी गाणी आणि त्या गाडीतला रेडिओ. त्यामुळे गाडी चौकटीबाहेर असली तरी ती जवळ आली की दूर गेली हे कानाला कळतं. मला दुसरी आवृत्ती जास्त पटते. पण पहिलीतल्या तालवाद्यांचा ठेका घड्याळासारखा मागे लागतो, हेही खरं. संगीत ठेवायचं की नाही यावर वाद घालण्याआधी दोन्ही लागोपाठ पाहाव्यात.

या पद्धतीची खरी अडचण वेगळी आहे. स्फोट झाला की प्रश्न संपतो. मग पुढे काय? वेल्सने त्याची तजवीज आधीच केली आहे. बॉम्ब मेक्सिकोत ठेवला गेला, फुटला अमेरिकेत. तपास कुणाचा, हा पूर्ण चित्रपटाचा झगडा त्या एका शॉटमध्येच पेरलेला आहे. तुमच्या बॉम्बमधून पुढचा प्रश्न निघत नसेल तर ती सुरुवात दिसायला देखणी होईल, कथेच्या उपयोगी पडणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाला टॅरंटिनोच्या ‘इन्ग्लोरियस बास्टर्ड्स’चा (२००९) पहिला अध्याय. साल १९४१, जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स, एक दुग्धव्यावसायिक शेतकरी आणि त्याच्या घरी आलेला नाझी अधिकारी लांडा. टेबल, खुर्च्या, दुधाचा पेला. कुणी आवाज चढवत नाही. लांडा घराचं कौतुक करतो, दूध मागून पितो, कागद नीट मांडतो, पेनात शाई भरतो. सगळं सावकाश. आणि मध्येच कॅमेरा फळ्यांमधून जमिनीखाली उतरतो: एक ज्यू कुटुंब तोंडावर हात दाबून पडून आहे.

हा प्रसंग मी शिकण्यासाठी पहिला सुचवेन, कारण यात माहितीचा तराजू तीनदा कलतो. आधी शेतकऱ्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आपण फक्त त्याचा चेहरा वाचत असतो. कॅमेरा खाली गेला की आपण त्याच्या बरोबरीला येतो आणि त्याच्या गुपितात सामील होतो. मग हळूहळू लक्षात येतं की लांडाला हे सगळं आधीपासूनच ठाऊक आहे. मघाशी आपल्याला फ्रेंच नीट जमत नाही म्हणून त्याने संभाषण इंग्रजीत वळवलं, तेव्हा ती दिग्दर्शकाने प्रेक्षकांसाठी केलेली सोय वाटली होती. प्रत्यक्षात खाली लपलेल्यांना कळू नये म्हणून टाकलेला तो डाव होता. हे कुटुंब सुरुवातीलाच दाखवलं असतं तर हा नेहमीचा टेबलाखालचा बॉम्ब झाला असता. शेवटी दाखवलं असतं तर नुसता धक्का. मधोमध दाखवल्यामुळे दोन्ही साधलं.

सामान म्हणाल तर यासारखी स्वस्त सुरुवात नाही. लेखन आणि अभिनय यांच्या बाबतीत मात्र ती अतिशय खर्चिक आहे. सौजन्यच भीतीदायक वाटेल असा नट हाताशी नसेल तर सतरा-अठरा मिनिटांच्या गप्पा म्हणजे सतरा-अठरा मिनिटांच्या जांभया. अशा वेळी प्रसंग चार मिनिटांवर आणावा किंवा दुसरी वाट धरावी.

ती दुसरी वाट म्हणजे स्पीलबर्गचा ‘जॉज’ (१९७५). धोका आहे एवढंच कळतं, रूप कळत नाही. श्रेयनामावलीच्या वेळी कॅमेरा पाण्याखालून सरकतो आणि जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर वाजतात. पोहायला उतरलेल्या मुलीला काहीच माहीत नाही. आपल्यालाही शार्क दिसत नाही. दिसतात ते तिला बसणारे हिसके. हल्ल्यापेक्षा मला किनाऱ्यावर नशेत पडलेला मुलगा जास्त अस्वस्थ करतो: मदत हाकेच्या अंतरावर आहे आणि तरी उपयोगाची नाही. न दाखवण्याची ही युक्ती सोपी वाटते म्हणून सर्रास वापरली जाते. पण तिच्यामुळे डोक्यावर कर्ज चढतं. कधीतरी दाखवावं लागतंच, आणि ते प्रेक्षकाच्या कल्पनेपेक्षा फिकं असून चालत नाही. स्पीलबर्गने शार्क नीट दाखवायला तासाभराहून जास्त वेळ घेतला. वीस मिनिटांच्या लघुपटात तेवढी उधारी मिळत नाही.

‘स्क्रीम’ची (१९९६) सुरुवातही धोका अदृश्य ठेवते, फक्त त्याला आवाज देते. फोनवरची लाडिक चेष्टा धमकीत बदलते आणि शेगडीवर मक्याच्या लाह्यांच्या भांड्यावरचं फॉइल फुगत जातं. कुठलंही घड्याळ न दाखवता वेळ मोजण्याची ही फार हुशार तऱ्हा आहे. जाहिरातीत मिरवलेल्या ड्रू बॅरीमोरला पहिल्या पाव तासातच मारलं, त्यामुळे पुढे कुणाचीच शाश्वती उरली नाही. मात्र हा डाव ओळखीच्या चेहऱ्याशिवाय चालत नाही. नवख्या नटांचा चित्रपट असेल तर सोडून द्या.

‘अंधाधुन’ (२०१८) कोबीच्या शेतातल्या सशाने आणि त्याच्यामागे लागलेल्या बंदुकधाऱ्याने सुरू होतो. तिथे प्रेक्षकाला सगळ्यात कमी माहीत असतं. असा उखाणा घालायचा असेल तर उत्तर कथेच्या मर्मात हवं. नुसत्या गूढ चित्रासाठी घातलेला उखाणा पंधराव्या मिनिटाला कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता निवडीची गोष्ट. माझ्या मते खरा फरक पहिल्या प्रसंगात नसून दुसऱ्यात पडतो. ‘जॉज’ आणि ‘स्क्रीम’मध्ये पहिला प्रसंग ज्या मुलीचा आहे ती प्रसंगाबरोबर संपते, म्हणजे चित्रपट दुसऱ्यांदा सुरू करावा लागतो: नवा माणूस, नवं घर, नवी ओळख. ‘स्क्रीम’ने हे छान निभावलंय. पुढच्याच प्रसंगात नायिकेचा मित्र खिडकीतून आत येतो आणि आधीच्या भीतीमुळे आपण त्याच्याकडेही संशयाने बघतो. वेल्सला ही कसरत करावीच लागत नाही, कारण बॉम्बच्या गाडीशेजारून चालणारं जोडपंच कथेचं आहे. टॅरंटिनोने मधला मार्ग काढला: लांडा आणि त्या घरातून निसटलेली मुलगी, दोघंही पुढे येतात.

म्हणून पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला मी म्हणेन, मुख्य पात्र पहिल्या प्रसंगात असू द्या आणि प्रेक्षकाला त्याच्यापेक्षा थोडं जास्त कळू द्या. चुका होण्याची शक्यता तिथे सगळ्यात कमी आहे. खुनाने सुरुवात करायचा मोह आवरत नसेल तर दुसरा प्रसंग आधी लिहून काढा आणि पहिला काढून टाकून वाचा. दुसरा प्रसंग एकटा उभा राहत असेल तर खून खुशाल ठेवा.

आणि शेवटची मारामारी अर्धवट दाखवून पडद्यावर ‘चार दिवसांपूर्वी’ लिहायचं, हा पर्याय मी तुलनेत धरलेलाच नाही. तिथे ताण उत्तरार्धातून उसना आणलेला असतो, आणि तो परत करायची वेळ येते तेव्हा प्रेक्षकाने तो प्रसंग आधीच पाहिलेला असतो.