नळाचा उमेदवार की धरणाचा?

विधानसभेच्या वेळी ठाण्यात आपल्या दाराशी येणारे उमेदवार पक्षाने कितीही वेगळे असले, तरी बोलण्यावरून मला त्यांचे दोनच नमुने दिसतात. एक गल्लीचं बोलतो: गटार, पेव्हर ब्लॉक, उद्यानातले बाक, रात्री अडीचला फोन केला तरी उचलणार. दुसरा खात्यांचं बोलतो: जलसंपदा, नगरविकास, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेशाचं विकास प्राधिकरण), अधिवेशन. पहिल्याला मी मनात नळाचा उमेदवार म्हणतो, दुसऱ्याला धरणाचा. दोन्ही नमुने झाडून सगळ्या पक्षांत आहेत, म्हणून नावं आणि चिन्हं बाजूला ठेवतो. मी दोघांनाही मत देऊन पाहिलंय, त्यामुळे लिहिण्याचा थोडा हक्क आहे असं वाटतं.

नळाच्या उमेदवाराची बाजू आधी मांडतो, कारण आमच्यासारखे फ्लॅटवाले त्याला फार पटकन मोडीत काढतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी लोकमान्यनगरच्या बाजूला राहतात. नवऱ्याला रात्री दवाखान्यात हलवायचं होतं, तेव्हा रिक्षा मिळेना. गाडी आली ती एका इच्छुकाच्या कार्यालयातून. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढलं तेही तिथूनच. त्यांना मी मुरबाडला रखडलेल्या काळू धरणाबद्दल सांगायला लागलो तर त्या ऐकून घेतील आणि मत त्याच माणसाला देतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शिवाय मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. २०२४ च्या विधानसभेपर्यंत ठाण्याला नगरसेवकच नव्हता. तुंबलेल्या नाल्याची तक्रार घेऊन लोक आमदारकीच्या उमेदवाराकडे गेले, कारण दुसरं दारच उघडं नव्हतं.

आता पाणी. माझा निर्णय इथे झाला, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आमची सोसायटी पाइपलाइनच्या अगदी शेपटाला आहे. काही वर्षं मी सेक्रेटरी होतो. एप्रिल उजाडला की जमिनीखालच्या टाकीत वॉचमन बांबू सोडायचा. बांबूवर खडूने तीन खुणा केलेल्या होत्या. खालच्या खुणेपर्यंतच ओल लागली की तो मला फोन करायचा आणि मी टँकरला. पुढे एका उमेदवाराने सांगितलं, ‘टँकरवाल्याला कशाला पैसे देता? आमच्या ऑफिसला कळवा.’ आम्हाला हायसं वाटलं. पहिले दोन-तीन टँकर वेळेवर आले. मग ठरून गेलं: टँकर मागताना त्यांच्या स्वीय सहायकाला ‘साहेबांशी बोलणं झालंय’ असं सांगायचं, टँकर लागला की बॅनर दिसेल असा फोटो काढायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर आभार टाकायचे.

त्या मे महिन्यात त्यांच्या सभेसाठी आमचा हॉल मागितला गेला. लग्नासाठी तो आधीच दिलेला होता, म्हणून मी नाही म्हणालो. त्या आठवड्यात सांगितलेला टँकर रात्री दीडला आला. मी खाली उभा होतो, टाकीचं झाकण सरकवलेलं, वॉचमनच्या हातात बॅटरी. टँकर आमच्या गेटसमोर सावकाश झाला, पुढे गेला आणि शेजारच्या सोसायटीत वळला. त्यांनी हॉल दिला होता. कॅनव्हासच्या पाइपातून पाणी पडल्याचा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट येत होता. चौथ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘आपला नाही का रे?’

पाणी मिळालं नाही याचा राग सकाळपर्यंत निवला असता. पण आपलं हक्काचं पाणी कुणाच्या तरी मर्जीचं होऊन बसलंय आणि ते तसं व्हायला मीच फोटो काढून हातभार लावलाय, हे मला सहन झालं नाही. अजूनही होत नाही.

पुढच्या निवडणुकीला दोघे उमेदवार आमच्या आवारात एका आठवड्याच्या अंतराने येऊन गेले. मी दोघांना एकच प्रश्न विचारला: ठाण्याचं पाणी कुठून येतं? पहिले हसले आणि म्हणाले, ‘ते अधिकारी बघतील, तुम्हाला कमी पडणार नाही ही माझी जबाबदारी.’ दुसऱ्यांनी पिशवीतून झेरॉक्स केलेले दोन कागद काढले. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघरची पाणी पुरवणारी संस्था), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून ठाणं पाणी घेतं. नवी मुंबईने मोरबे धरण स्वतःचं करून घेतलं, ठाण्याला तसं स्वतःचं धरण नाही. मुरबाडच्या काळू धरणाचं काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं, कारण वनखात्याच्या मंजुऱ्या नव्हत्या. ज्या आदिवासींची गावं बुडणार होती त्यांचा विरोधही होता. हे सगळं सांगून ते म्हणाले, ‘मी टँकर पाठवणार नाही. वाढीव कोटा कुणाकडे अडलाय आणि सांडपाणी शुद्ध करून बांधकामांना देणं बंधनकारक का होत नाही, हे सभागृहात विचारीन.’ आमच्यातले दोघं-तिघं चिडून उठून गेले. मी कागद ठेवून घेतले.

त्यांचं सगळंच पटलं असं नाही. धरणाबद्दल नेमकी भूमिका विचारली तेव्हा ते अडखळले: शहराची तहान एकीकडे आणि आदिवासींची जमीन दुसरीकडे. पण अडखळण्याइतका विचार त्यांनी केला होता.

रस्त्याचंही असंच आहे. घोडबंदरवर खड्डा पडला की पहिला उमेदवार रेतीचा डंपर घेऊन हजर होतो, आणि दुचाकीवरून जाणाऱ्याला त्या दिवशी तेच हवं असतं. पण त्या एका रस्त्यावर महापालिका, सार्वजनिक बांधकाम खातं आणि एमएमआरडीए असे तिघांचे हात आहेत, आणि त्या तिघांना एका टेबलावर बसवायला मंत्रालयातच वजन लागतं. टोलचं उदाहरण ताजं आहे. आनंदनगरच्या नाक्यावर आपण वर्षानुवर्षं काच खाली करून पैसे दिले. १४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या गाड्यांना टोलमाफी दिली आणि रांग गेली. इतका गल्लीतला त्रास, पण सुटला तो मंत्रिमंडळातच.

टॉवर किती उठणार हेही तिथंच ठरतं. डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीवर राज्याची सही आहे. त्याआधी २०१७ मध्ये पाणीटंचाईवरून उच्च न्यायालयाने घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकामांवर काही काळ बंदी आणली होती. म्हणजे कोर्टाला दिसलं ते नियम करणाऱ्यांना दिसायला हवं होतं. उमेदवाराला हे जरूर विचारा. धोकादायक इमारतींबद्दलही विचारा. शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळून ७४ माणसं गेली, आणि क्लस्टरचे, म्हणजे अशा इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाचे, नियम राज्यच करतं.

महिलांच्या खात्यातल्या पैशांवर दोघांत फरक शोधू नका. २०२४ ला महायुतीचे उमेदवार महिना २१०० रुपये म्हणत होते, आघाडीचे ३०००. ते पक्षाचं असतं, उमेदवार फक्त वाचून दाखवतो. त्या मुद्द्यावर ठरवायचं असेल तर सरळ पक्ष बघा.

नवी मुंबईतल्या मित्रांना माझा पाण्याचा प्रश्न लागू नाही, मोरबेमुळे ते सुखी आहेत. त्यांनी गावठाणातल्या गरजेपोटी, परवानगी न घेता बांधलेल्या घरांबद्दल किंवा सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनींबद्दल विचारावं. दोन्हीचं उत्तर राज्य सरकारच्या निर्णयात आहे. तिथे ‘मी बघतो’ एवढ्याने भागत नाही.

उमेदवार आधी आमदार राहिलेला असेल तर काम सोपं आहे. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज मिळतं. त्याने तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) किती आणि कशावर लावले, लक्षवेधी सूचना कुठली मांडली, हे तासाभरात चाळून होतं. आमदार निधीच्या पाट्या आपल्याला रस्त्यावर दिसतातच, त्यासाठी वेगळं शोधावं लागत नाही.

तुमच्या घरी आज नळाला पाणीच नसेल, किंवा घरात आजारी माणूस असेल, तर पहिल्याला मत दिलंत म्हणून मी वाद घालणार नाही. माझ्यापुरतं मात्र त्या रात्री गेटसमोरून टँकर पुढे गेला तेव्हाच ठरलं. मत मी दुसऱ्यांना दिलं. एप्रिल आला की आमच्याकडे टँकर अजून येतो, पैसे देऊन, पावती घेऊन, कुणाच्याही बॅनरशिवाय. ते झेरॉक्सचे दोन कागद सोसायटीच्या पाण्याच्या फाइलमध्ये लावलेले आहेत. आता दुसऱ्या सेक्रेटरी आहेत. आवारात उमेदवार आला की त्या फाइल घेऊनच खाली उतरतात.