एमए सायकॉलॉजीनंतर: ट्रायल कोऑर्डिनेटर की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट?

पुण्यात एमए झालेली बरीच मुलं या दोन वाटांपाशी अडतात. मानसोपचाराच्या औषध-चाचण्या सांभाळणारा क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे सीआरसी व्हायचं, की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट?

सीआरसीची वाट लवकर उघडते. पदवी आणि जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचण्या नीट चालवण्याच्या नियमांचं) प्रशिक्षण असलं की सुरुवात करता येते. नोकरी मात्र अनेकदा रुग्णालयाची नसते, रुग्णालयांसाठी चाचण्यांचं काम सांभाळणाऱ्या साइट मॅनेजमेंट कंपनीची असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला) अभ्यासक्रम आणि नोंदणी हवी, आणि जागा मोजक्याच. सीआरसी म्हणून काढलेली वर्षं त्या नोंदणीत धरली जात नाहीत. थेरपीच करायची असेल तर आधी प्रवेशपरीक्षेच्या मागे लागा.

खरा फरक रुग्णासमोर बसल्यावर कळतो. नैराश्याच्या चाचणीत नैराश्य किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या हॅमिल्टन स्केलचे प्रश्न दर व्हिजिटला ठरलेल्या पद्धतीनेच विचारायचे असतात. रेटरचं, म्हणजे असे प्रश्न विचारून गुण देणाऱ्याचं, प्रशिक्षण मिळालं तर ते काम तुमच्याकडेही येतं. समोरचा माणूस रडू लागला तर थांबायचं, ऐकायचं, डॉक्टरांना बोलवायचं. पण समुपदेशन सुरू करायचं नाही. कारण तुमच्या आधाराने प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) मिळणाऱ्या गटातल्या रुग्णालाही बरं वाटू लागतं आणि औषधाचा परिणाम वेगळा दिसेनासा होतो. कनवाळू माणसाला हे फार जड जातं. रुग्णाने आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर मात्र प्रमुख संशोधकांना त्याच क्षणी सांगायचं. गंभीर दुष्परिणामाचा अहवालही 24 तासांत जावा लागतो.

या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे संमती. ‘अगं, कर सही, डॉक्टर सांगतायत ना!’ असं नातेवाईक म्हणतात, तेव्हा त्यांना थांबवून रुग्णाला पुन्हा मराठीत समजावणारं माणूस तिथे हवं असतं. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार, अगदी नव्या रेणूच्या (औषध म्हणून अजून मान्य नसलेल्या रसायनाच्या) चाचणीत असुरक्षित गटातल्या, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या व्यक्तीच्या संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरणही करावं लागतं. हे मनापासून करणारा सीआरसी रुग्णाचं मोठं रक्षण करतो.

पुढे सीआरए, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांची तपासणी करणारा क्लिनिकल रिसर्च असोसिएट होता येतं. त्यात फिरती भरपूर आणि रुग्णांशी संबंध जवळजवळ संपतो. औषध कंपन्यांचं काम नको, पण संशोधन हवं असेल, तर आयएलएसच्या (इंडियन लॉ सोसायटीच्या) सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीसारख्या पुण्यातल्या संस्थांकडेही बघा.

सीआरसीच्या मुलाखतीला गेलात तर पगाराआधी दोन गोष्टी विचारा: एका माणसाकडे किती चाचण्या असतात, आणि संमती घ्यायला बंद दाराची खोली आहे का?