मोटारसायकलवरची वळकटी: ऐसपैस हवी की आटोपशीर?

पाठीवर सामान वाहणारा ट्रेकर स्लीपिंग बॅग ग्रॅममध्ये मोजतो. मोटारसायकलवाल्याने ती लिटरमध्ये मोजावी. अर्धा किलो जास्त झाला तर गाडीला पत्ताही लागत नाही. पण पंचवीस लिटरचं गाठोडं मागच्या सीटवर चढलं की गाडीवर बसताना दर वेळी बूट त्यात अडकतो आणि तंबूला जागा उरत नाही. ट्रेकर मंडळींसाठी लिहिलेले बरेच सल्ले आपल्याला लागू पडत नाहीत, ते या एका फरकामुळे.

दुसरा फरक अंगाचा. दिवसभर गुडघे एकाच कोनात दुमडलेले असतात, खांदे आखडलेले असतात. रात्री पाय कधी ताणावेसे वाटतात, कधी पोटाशी घ्यावेसे वाटतात. म्हणून 'ऐसपैस' हा इथे चोचला नाही. प्रश्न एवढाच, की ही जागा नेमकी कुठे हवी आणि तिच्यासाठी सामानातले किती लिटर मोजायचे.

आकार: जागा कुठे मिळते?

ममी बॅग खांद्यापाशी रुंद आणि पायाकडे निमुळती असते. आत हवा कमी, त्यामुळे अंगाला ती तापवायला कष्ट कमी पडतात. घडीही लहान होते. उताणं झोपून सकाळपर्यंत न हलणाऱ्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल, ममी घ्यावी. मी त्यातला नाही. ममीत कूस बदलली की अख्खी बॅग सोबत फिरते, टोपी तोंडावर येते आणि चेन पाठीखाली जाते.

दुसऱ्या टोकाला चौकोनी बॅग. पाय हवे तसे पसरा. चेन पूर्ण उघडली की गोधडीसारखी पांघरता येते. पण वरचं तोंड उघडं, त्यामुळे मानेपाशी गार हवा शिरते, आणि घडी अवाढव्य. आत सुती किंवा फ्लॅनेलचं अस्तर असेल तर दुचाकीसाठी तिचा विचारही नको. ते कापड दमट होतं, वाळत नाही आणि दाबलं जात नाही. अशी बॅग चारचाकीच्या डिकीत शोभते.

मधल्या तीन प्रकारांकडे मात्र नीट बघावं. अर्ध-चौकोनी, म्हणजे बॅरल आकाराची बॅग कमरेपाशी आणि गुडघ्यापाशी सैल, पायाशी थोडी निमुळती असते. बऱ्याच मॉडेलांना टोपीही असते. 'स्पून' आकाराची बॅग कुशीवर झोपणाऱ्यांसाठीच बेतलेली असते: कोपरांपाशी आणि गुडघ्यांपाशी रुंद, कमरेशी आवळलेली. नेमो कंपनीच्या 'डिस्को' आणि 'रिफ' या बॅगा अशाच आहेत. तिसरा प्रकार क्विल्ट. त्याला पाठ नसते, बहुधा चेनही नसते. खालून पट्ट्यांनी अंगाखालच्या मॅटला अडकवायचं आणि वरून पांघरायचं. पाठीखाली दबलेलं भरण ऊब देतच नाही, मग ते वाहायचं कशाला, हा त्यामागचा विचार. जागेच्या मानाने घडीचा हिशोब काढला तर क्विल्टला तोड नाही. पण थंडीत जो सारखा कूस बदलतो, त्याला कडेने गार हवेच्या झुळका लागतात. आणि डोकं पूर्ण उघडं, तेव्हा कानटोपी हवीच.

'रुंद' या शब्दावर विसंबू नका, घेराचा आकडा बघा. साधारण ममीचा खांद्यापाशी घेर 155 ते 160 सेंटिमीटर असतो, बॅरल प्रकारात तो 165 ते 180 पर्यंत जातो. रात्री जे कपडे घालून झोपता ते चढवा, दोन्ही हात अंगालगत ठेवा आणि दंडांवरून टेप फिरवा. बॅगेचा घेर त्यापेक्षा निदान 45 सेंटिमीटरने जास्त नसेल, तर कुशीवर झोपणाऱ्याने ती बॅग सोडून द्यावी. हा माझा अंदाजपट्टीचा नियम आहे, कुठलं मानक नव्हे. पण दुकानात फार वेळ वाचवतो. उंचांनी लांबीही बघावी. पावलं बॅगेच्या टोकावर दाबली गेली की तिथलं भरण चेपतं आणि बोटं गारठतात.

भरण: पीस की सिंथेटिक?

बदक-हंसांची मऊ पिसं, म्हणजे डाऊन, किती फुलतात ते 'फिल पॉवर'च्या आकड्यात सांगतात. 800 फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण 28 ग्रॅम पीस, फुलून 800 घन इंच जागा व्यापतं. लिटरमध्ये सुमारे 13. हेच पीस दाबलं की मुठीएवढं होतं. म्हणूनच ऐसपैस बॅग लहान पिशवीत कोंबायची तर पिसाला पर्याय नाही. शून्य अंशाच्या आसपासच्या थंडीसाठी बनवलेली पिसाची बॅरल बॅग साधारण 9 ते 12 लिटरमध्ये बसते. तेवढ्याच उबेची सैल सिंथेटिक बॅग सहज 20 च्या पुढे जाते.

पिसाचं दुखणं एकच, पाणी. भिजलं की त्याचा गोळा होतो, ऊब जाते आणि वाळायला फार वेळ लागतो. पाणी न धरणारी प्रक्रिया केलेलं पीस मिळतं; ते दमटपणा सोसतं, मुसळधार नाही. सिंथेटिक ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरतं, लवकर वाळतं, स्वस्त असतं, धुवायला सोपं असतं. मात्र वारंवार दाबल्याने त्याचे तंतू मोडतात आणि काही वर्षांत बॅग चपटी होते.

माझं मत पिसाच्या बाजूने आहे, कारण गाडीवर पाण्याचा बंदोबस्त सोपा असतो: तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी. बॅगेसोबत येणारी दाबपट्ट्यांची पिशवी जलरोधक असतेच असं नाही, हे आधी तपासा. पावसाळी फिरणंच जास्त असेल आणि रात्री फारशा गार नसतील, तर पातळ सिंथेटिक क्विल्ट घ्या. तिथे घडीचा फरकही फारसा उरत नाही.

तापमानाचा आकडा

बॅगेवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा तुमच्यासाठी नसतो. आयएसओ 23537 या मानकात 'कम्फर्ट' आणि 'लोअर लिमिट' असे वेगळे आकडे असतात. पहिला आरामात पडून राहणाऱ्या स्त्रीच्या मापाने काढलेला, दुसरा अंग आखडून झोपलेल्या पुरुषाच्या मापाने. तिसरा, 'एक्स्ट्रीम', जीव वाचण्यापुरता असतो, झोपेसाठी नव्हे. स्त्री असा की पुरुष, 'कम्फर्ट'वरच जा. सैल बॅग घेणाऱ्याने तर जावंच, कारण आतली जास्तीची हवा तुम्हालाच तापवायची आहे.

आणि मॅट विसरू नका. थंडी जमिनीतून वर येते. मॅट ही थंडी किती अडवते ते तिचा 'आर' आकडा सांगतो; तो 2 च्या आत असेल तर महागातली बॅगही गोठत्या रात्री पाठ गरम ठेवणार नाही.

गाडीवर बांधताना

माझी पहिली बॅग सिंथेटिक चौकोनी होती. पॅनियरमध्ये, म्हणजे गाडीच्या बाजूला लावायच्या पेटीत, मावेना म्हणून मागे आडवी बांधली. खड्ड्यांनी ती एका बाजूला सरकली आणि पिशवीचा कोपरा सायलेन्सरला टेकला. नायलॉन वितळून काळा डाग चिकटला, आत हाताएवढं भोक. बॅग उबदार होती, ऐसपैस होती, फक्त गाडीवर बसत नव्हती. तेव्हापासून माझी अट एकच: बॅग पॅनियरच्या आत गेलीच पाहिजे, आणि तिच्यासाठी एका बाजूच्या जागेचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. 35 लिटरच्या पॅनियरमध्ये तो 12 लिटरच्या आत येतो. या अटीत पिसाची बॅरल, स्पून आणि क्विल्ट टिकतात. सैल सिंथेटिक बॅग फक्त उन्हाळी जाडीची असेल तरच टिकते.

त्यातलं कुठलं? थंड मुलखात आणि कुशीवर झोपत असाल तर स्पून. उकाडा-गारवा दोन्ही भेटत असतील आणि रात्री पाय बाहेर काढायची सवय असेल तर क्विल्ट. दोघं जात असाल तर एकाच मॉडेलच्या दोन बॅरल, एकीची चेन डावीकडे, दुसरीची उजवीकडे. बहुतेक त्या जोडता येतात, पण पैसे देण्याआधी दुकानातच जोडून बघा.